व्याजाचा पत्ता: सू फॉल्स, साउथ डकोटा

अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या वर्षात भूगोल शिकवतं ते क्रेडिट कार्डाचं बिल. बँकेचं मुख्यालय न्यूयॉर्कमध्ये, तुमचं घर न्यू जर्सीत, पण तक्रारीसाठी छापलेला पत्ता मात्र सू फॉल्स, साउथ डकोटा. दुसरं कार्ड घ्यावं तर त्यावर विल्मिंग्टन, डेलावेअर. साउथ डकोटा हे आपल्या मराठवाड्याच्या तिपटीएवढं पसरलेलं आणि लोकसंख्या मात्र आज जेमतेम नऊ-साडेनऊ लाख असलेलं राज्य. गहू, मका, गुरं आणि बर्फ. तिथे एवढ्या मोठ्या बँका काय करतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. त्याचं उत्तर म्हणजेच अमेरिकेतल्या क्रेडिट कार्डाच्या व्याजदराचा इतिहास आहे, आणि तो वाटतो तेवढा रूक्ष नाही.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे स्टेट बँकेची शाखा कुठल्याही तालुक्याच्या गावी असते आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. अमेरिकेत १९८० पर्यंत तसं नव्हतं. एका राज्यातल्या बँकेला दुसऱ्या राज्यात शाखा उघडता येत नसे. आणि सावकारीचे कायदे, म्हणजे किती टक्क्यांपर्यंत व्याज लावता येईल याची मर्यादा, ही प्रत्येक राज्याची वेगळी. अर्कान्सा राज्याने तर दहा टक्क्यांची मर्यादा १८७४ च्या राज्यघटनेतच घालून ठेवली होती. ही काही फक्त गोऱ्यांची कल्पना नव्हे. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. मुंबई इलाख्यातली इंग्रजांची कोर्टंसुद्धा तो नियम मानत. जगात बहुतेक सर्व समाजांनी व्याजाला कुठेतरी कुंपण घातलेलं दिसतं. ते कुंपण अमेरिकेत कसं पडलं, ती ही गोष्ट.

क्रेडिट कार्ड त्याआधी आलं होतं. डायनर्स क्लबचं कार्ड १९५० चं, पण ते महिन्याच्या शेवटी पूर्ण फेडायचं कार्ड, त्यावर उधारी नाही. उधारी चालू ठेवायची सोय असलेलं बँकेचं कार्ड मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वाटलं गेलं ते कॅलिफोर्नियातल्या फ्रेज्नो शहरात, सप्टेंबर १९५८ मध्ये. बँक ऑफ अमेरिकाच्या जोसेफ विल्यम्स नावाच्या अधिकाऱ्याने साठ हजार कार्डं लोकांच्या घरी टपालाने पाठवून दिली. कोणी अर्ज केला नव्हता, कोणी मागितलं नव्हतं. एक दिवस पत्रपेटी उघडली तर आत प्लास्टिकचं उसनं! फ्रेज्नो निवडायचं कारण असं सांगतात, की ते जरा आडबाजूला होतं; प्रयोग फसला तर बोभाटा लांब जाणार नाही.

प्रयोग पसरला, आणि फसलाही. विल्यम्स यांचा अंदाज होता की चार टक्के खाती थकतील. थकली बावीस टक्के. चोऱ्या झाल्या, बनावट कार्डं निघाली, बँकेला लाखो डॉलरचा खड्डा पडला आणि विल्यम्स १९५९ मध्ये बँक सोडून गेले. पण बँकेने धंदा सोडला नाही. महिना दीड टक्का, म्हणजे वर्षाला अठरा टक्के व्याज होतं; शिस्त लावल्यावर १९६१ पर्यंत कार्ड नफ्यात आलं. या बँकअमेरिकार्डचंच १९७६ मध्ये ‘व्हिसा’ झालं. न मागता कार्डं पाठवायला अमेरिकन काँग्रेसने १९७० मध्ये बंदी घातली, तोवर कोट्यवधी कार्डं घरोघर पोचली होती.

अठरा हा आकडा लक्षात ठेवा. पुढची सगळी मारामारी त्याच्याभोवती आहे.

नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराच्या एका बँकेने शेजारच्या मिनेसोटात कार्डं द्यायला सुरुवात केली. नेब्रास्कात पहिल्या हजारभर डॉलरवर अठरा टक्के व्याज चालत असे, मिनेसोटात मर्यादा बारा टक्के. मिनियापोलिसच्या मार्केट नॅशनल बँकेची अडचण झाली. बारा टक्क्यांत परवडत नाही म्हणून ती बँक गिऱ्हाईकाकडून वर्षाला दहा डॉलर फी घेत होती. ओमाहावाले फी न घेता कार्ड देत होते आणि व्याज अठरा टक्के लावत होते. मार्केट बँक कोर्टात गेली. गंमत बघा, खटला कुणा नडलेल्या कर्जदाराने घातला नव्हता. एका बँकेची दुसऱ्या बँकेविरुद्ध गिऱ्हाइकांवरून तक्रार होती.

सुप्रीम कोर्टाने १८ डिसेंबर १९७८ रोजी एकमताने निकाल दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी तो लिहिला. आधार होता १८६४ चा, लिंकनच्या काळातला, यादवी युद्ध चालू असताना केलेला राष्ट्रीय बँकांचा कायदा. त्यात म्हटलं होतं की बँक ज्या राज्यात ‘स्थित’ आहे त्या राज्याच्या दराने तिला व्याज लावता येईल. गिऱ्हाईक कुठे राहतं याबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा ओमाहाची बँक नेब्रास्कात आहे, ती नेब्रास्काचं व्याज लावणार, मग कर्जदार मिनेसोटात असो की चंद्रावर. याने राज्यांचे सावकारी कायदे निकामी होतील, ही तक्रार कोर्टाने ऐकली आणि सांगितलं की तो प्रश्न काँग्रेसकडे न्या.

कायद्याचं कलम वाचलं तर निकाल चुकीचा म्हणता येत नाही. मला खटकतं ते वेगळंच. मिनेसोटाच्या माणसाने कितीही मतं दिली तरी नेब्रास्काच्या विधानसभेत कोण बसणार हे तो ठरवू शकत नाही. आणि त्याच्या खिशातल्या कार्डाचं व्याज मात्र तिथे ठरायला लागलं. वर काँग्रेसकडे जा म्हटलं, तर तिकडे कोणी फारसं गेलंच नाही.

या निकालाचं महत्त्व त्या दिवशी फार थोड्यांना कळलं असावं. ते कळायला महागाई यावी लागली. फेडरल रिझर्व्हचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी महागाई मोडायचीच म्हणून १९७९ च्या ऑक्टोबरपासून पैसा आवळला. बँका आपल्या उत्तम गिऱ्हाइकाला ज्या दराने कर्ज देतात तो ‘प्राइम रेट’ डिसेंबर १९८० मध्ये साडेएकवीस टक्क्यांवर गेला. आता सिटी बँकेची अवस्था बघा. न्यूयॉर्कचा कायदा सांगत होता, पहिल्या पाचशे डॉलरवर अठरा टक्के, त्यावरच्या रकमेवर बारा. म्हणजे बाजारातून वीस टक्क्यांनी पैसा आणायचा आणि बारा-अठरा टक्क्यांनी वाटायचा. वीसला आणलेले कांदे बारा रुपयांना विकून दुकान किती दिवस चालेल? सिटी बँकेने थोड्याच वर्षांपूर्वी देशभर पत्रं पाठवून लाखो कार्डं वाटली होती. जितकी कार्डं जास्त तितका तोटा जास्त. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाला मर्यादा उठवायची विनंती केली, तिथे काही हलेना.

बँकेचे अध्यक्ष वॉल्टर रिस्टन हे काही हात चोळत बसणारे गृहस्थ नव्हते. १९७८ चा निकाल त्यांच्या लोकांनी बारकाईने वाचला होता. बँक जिथे ‘स्थित’ तिथलं व्याज. मग बँकेलाच उचलून दुसरीकडे ठेवलं तर? त्यात एक अडथळा होता. दुसऱ्या राज्यात बँक काढायची तर त्या राज्याच्या विधानसभेने कायदा करून बाहेरच्या बँकेला निमंत्रण द्यावं लागे. म्हणजे व्याजाची मर्यादा नसलेलं आणि वर पायघड्या घालणारं राज्य हवं.

साउथ डकोटाची त्या वेळी हलाखी होती. महागाईने शेतकरी आणि छोटे धंदेवाले घायकुतीला आलेले, आणि व्याजाची मर्यादा बाजारभावापेक्षा खाली असल्यामुळे गावातल्या बँका कर्जच देईनात. म्हणून १९८० मध्ये राज्याने आपल्याच लोकांच्या सोयीसाठी ती मर्यादा काढून टाकायचं ठरवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लिहिणाऱ्यांनी सगळं खापर सिटी बँकेवर फोडलं; मर्यादा उठवण्यामागे स्थानिक बँकाच होत्या. मग सिटी बँकेचा निरोप आला: आम्हाला बोलवा, आम्ही नोकऱ्या देतो. गव्हर्नर बिल जँकलो हे तडकाफडकी माणूस. निमंत्रणाचा कायदा अधिवेशनाच्या शेवटी झटपट मंजूर झाला. सुरुवातीला चारशे नोकऱ्यांची बोली होती, पुढे ती संख्या तीन हजारांच्या आसपास गेली. जनावरांच्या बाजारासाठी आणि मांसाच्या कारखान्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सू फॉल्समधल्या गृहिणी हेडफोन लावून कॅलिफोर्नियातल्या थकबाकीदारांशी बोलायला लागल्या.

डेलावेअरने हे पाहिलं आणि १९८१ मध्ये तसाच कायदा केला. विल्मिंग्टन न्यूयॉर्कपासून रेल्वेने दोन तासांच्या आत, तेव्हा बाकीच्या बँका तिकडे वळल्या. आज तिथल्या ऑफिसांत कार्डांची सॉफ्टवेअरं सांभाळणारे आपले लोक शेकड्यांनी आहेत. गणपतीत आरतीला उभ्या असलेल्या पुरुषांपैकी निम्मे कुठल्या ना कुठल्या कार्ड बँकेत, असं गमतीने म्हणतात. ते तिथे का आहेत याचं मूळ १९७८ च्या त्या निकालात आहे, हे त्यांच्यापैकी फार कमी जणांना ठाऊक असतं. असो.

आता खरी मेख. व्होल्कर यांनी महागाई मोडली, १९८० च्या दशकात बाजारातले व्याजदर निम्म्याहून खाली आले. कार्डाचे दर? अठरा-एकोणीस टक्क्यांवर जसेच्या तसे. बँकांचा युक्तिवाद होता की मर्यादा काढा, स्पर्धा दर खाली आणेल. कार्ड देणाऱ्या बँका हजारोंनी होत्या, तरी दर हलला नाही. लॉरेन्स ऑसुबेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये यावर एक गाजलेला शोधनिबंध लिहिला. त्याच्या उत्तराचा गाभा साधा आहे: कार्ड घेताना प्रत्येकाला वाटतं की आपण काही उधारी ठेवणार नाही, म्हणून दराकडे कोणी बघत नाही. आणि मग उधारी राहतेच.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिनेटने कार्डाच्या व्याजावर मर्यादा घालणारी दुरुस्ती ७४ विरुद्ध १९ मतांनी मंजूर केली. चौदा टक्के! दोनच दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक १२० अंकांनी आपटला. त्याला इतरही कारणं होती, पण दोष या दुरुस्तीवर गेला आणि ती गुपचूप बाजूला पडली.

त्यानंतरची वीस वर्षं बारीक अक्षराची. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये सिटी बँकेच्याच एका खटल्यात ठरवलं की उशिरा पैसे भरल्याचा दंड हाही व्याजातच मोडतो. म्हणजे त्याचीही मर्यादा बँकेच्या राज्याने ठरवायची, आणि ज्या राज्यात मर्यादाच नाही तिथे काय बोलायचं. पाच-दहा डॉलरचे दंड पुढच्या दशकात एकोणचाळीस डॉलरपर्यंत गेले. करारात कलम आलं की बँक कधीही, कोणत्याही कारणाने दर बदलू शकते. ‘युनिव्हर्सल डिफॉल्ट’ नावाचा एक अजब प्रकार निघाला: तुम्ही विजेचं बिल किंवा दुसऱ्याच बँकेचा हप्ता चुकवला, तर या बँकेला तुमच्या पतनोंदीत ते दिसे आणि तिचा दर तीसच्या घरात जाई. आणि हा दर पुढच्या खरेदीपुरता नव्हे, तर आधीच घेतलेल्या कर्जालाही लागू. वाणसामान घेऊन घरी आलात, खाऊन संपवलंत, आणि वाणी दुसऱ्या महिन्यात येऊन म्हणतो की त्या साखरेचा भाव मी आता वाढवला आहे.

२००८ च्या पडझडीनंतर फेडरल रिझर्व्हने डिसेंबरात नियम केला की जुन्या शिलकीवर असा दर वाढवता येणार नाही. लागू कधी? जुलै २०१० पासून. दीड वर्षाची सवड! आता दीड वर्षाने दार बंद होणार आहे असं कळल्यावर माणूस काय करतो? २००९ भर घरोघर पत्रं आली.

आमच्याकडे मार्चमध्ये आलं. बँकेचं नाव सांगण्यात मतलब नाही, सगळ्यांचा मसुदा सारखाच होता. आमची शिल्लक पाच हजार डॉलर, बरीचशी धाकट्याच्या जन्माच्या वेळच्या हॉस्पिटलच्या बिलाची. दर ९.९ टक्के. एकही हप्ता कधी चुकला नव्हता. पत्रात लिहिलं होतं, ‘बाजारातील परिस्थितीमुळे’ दर २४.९ टक्के. रात्री मुलं झोपल्यावर बायकोने आणि मी संगणकावर गणित मांडलं. महिन्याला दीडशे डॉलर भरत राहिलो तर जुन्या दराने चाळीस महिने आणि एकूण व्याज सुमारे ८७० डॉलर. नव्या दराने अठ्ठावन्न महिने आणि व्याज सुमारे ३,६०० डॉलर. कर्ज तेच, हॉस्पिटल तेच, मूलही तेच!

पण त्या पत्राच्या पाठीमागे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, एक वाट होती. नवा दर मान्य नसेल तर अमुक तारखेच्या आत लेखी कळवा. कार्ड बंद होईल आणि शिल्लक जुन्या दराने फेडता येईल. फोन करून पाहिला. पलीकडच्या बाईंनी दहा मिनिटांनी १९.९ टक्के देऊ केले, आणि कार्ड बंद केलंत तर पत खाली जाईल असं दोनदा सांगितलं. ते खोटं नव्हतं, थोडी खाली गेलीही. आम्ही पत्र लिहिलं, पोचपावतीच्या टपालाने पाठवलं, पावती फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली. २०१२ च्या उन्हाळ्यात शेवटचा चेक गेला. माझ्या एका मित्राने तसंच पत्र जाहिरात समजून न उघडता टाकून दिलं होतं. त्याची शिल्लक आमच्या चौपट आणि त्याच सुमाराला नोकरी गेली. पुण्यात फ्लॅटसाठी साठवलेले पैसे मोडून त्याने ते कर्ज फेडलं. आता तो कुठलंही पाकीट फोडल्याशिवाय टाकत नाही, लग्नपत्रिकासुद्धा दोन्ही बाजूंनी वाचतो.

बँकांची बाजूही सांगायला हवी. त्या वर्षी नोकऱ्या जात होत्या, आणि २०१० पर्यंत कार्डांवरच्या कर्जापैकी दहा टक्क्यांच्या आसपास बुडीत खाती जायला लागलं होतं. पण बुडवणाऱ्यांचा तोटा वेळेवर भरणाऱ्यांकडून, आणि तोही जुन्या कर्जावर वसूल करायचा, याला धंद्याचा नियम म्हणणं कठीण आहे.

लोक चिडले, ते काँग्रेसपर्यंत पोचलं. ‘कार्ड ॲक्ट’ सिनेटमध्ये ९० विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला आणि ओबामांनी त्यावर २२ मे २००९ ला सही केली. (त्याच कायद्यात राष्ट्रीय उद्यानांत भरलेली बंदूक नेण्याची परवानगीही घुसडलेली आहे. अमेरिकन कायदे असेच पास होतात.) मुख्य तरतुदी फेब्रुवारी २०१० पासून लागू झाल्या. जुन्या शिलकीवरचा दर आता साधारणपणे वाढवता येत नाही. साठ दिवस हप्ता थकला तरच, आणि त्यानंतर सहा महिने नीट भरलं तर दर परत खाली आणावा लागतो. नव्या खरेदीचा दर वाढवायचा तर पंचेचाळीस दिवसांची सूचना. पहिल्या वर्षात सहसा वाढ नाही. चार अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हिशेब मांडला की यामुळे कर्जदारांचे वर्षाला सुमारे अकराशे नव्वद कोटी डॉलर वाचतात, आणि बँकांनी दुसरीकडून ते वसूल केल्याचं दिसत नाही.

कायद्याने कमाल दर मात्र ठरवला नाही. सू फॉल्सच्याच फर्स्ट प्रीमियर बँकेने त्या सुमारास ७९.९ टक्क्यांचं कार्ड काढलं आणि ते पूर्ण कायदेशीर होतं. शिवाय बँकांनी स्थिर दराची कार्डं ‘प्राइम रेट अधिक इतके टक्के’ अशी बदलून घेतली. प्राइम वाढला की दर आपोआप वाढतो, सूचनेचीही गरज नाही. मार्च २०२२ ते जुलै २०२३ मध्ये फेडरल रिझर्व्हने दर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेला, तेव्हा कार्डांचा सरासरी दर बावीस टक्क्यांच्या पुढे गेला. आणि यातली सगळी वाढ प्राइमची नव्हती. प्राइमच्या वर बँका जे टक्के लावतात तेही दहा वर्षांत वाढून विक्रमी झाले होते. साउथ डकोटाच्या मतदारांनी स्वतः २०१६ मध्ये जनमत घेऊन छोट्या कर्जाच्या दुकानांवर छत्तीस टक्क्यांची मर्यादा घातली, सुमारे तीन चतुर्थांश मतांनी. पगारापर्यंतची उसनवारी देणारी दुकानं राज्यातून उठली. बँकांना तो कायदा लागू नव्हता.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. पण इकडच्या बावीस टक्क्यांना आपल्याकडच्या कार्डवाल्यांनी हसावं अशी परिस्थिती आहे. भारतात १९८४ मध्ये बँकिंग कायद्यात २१-अ कलम आलं: बँकेचं व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावरून कोर्टाला व्यवहार पुन्हा उघडता येणार नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ठरवलं होतं की कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द झाला. व्याजाचं काय ते रिझर्व्ह बँक बघेल, आयोगाने त्यात पडू नये, असं ठरलं.

आपल्याकडे दर महिन्याचा छापतात, त्यामुळे तो लहान दिसतो. पुढचं स्टेटमेंट आलं की मागच्या पानावर शोधा. ३.७५ टक्के असेल तर बाराने गुणल्यावर ४५ होतात. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला साडेपंचावन्न. आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी वेगळा.